डीपी कुठंय, ते आधी सांगा

सकाळी ६.००, पुणे

शुक्रवार मुद्दाम निवडलाय. सरकारी कार्यालयं उघडी असतात आणि संध्याकाळी शनिवार-रविवारची गर्दी रस्त्यावर उतरायला लागते. आमची कंपनी इलेक्ट्रिक गाड्यांसाठी चार्जिंग स्टेशनं उभारते. ती कुठं उभारायची ते बघत हिंडणं हे माझं काम. आज पुणे–कोल्हापूर महामार्गावरच्या जागा बघायच्या आहेत. कार्यालयातल्या नकाशावर त्यांचे हिरवे ठिपके आधीच पडलेत.

हे ठिपके पडतात ते पट्टी लावून. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या सूचनांनुसार महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक स्टेशन हवं होतं, शहरात ३ बाय ३ किलोमीटरच्या प्रत्येक चौकटीत एक. नियम चांगलाच होता. पण पंचवीस किलोमीटर मोजून जिथं बोट टेकतं, तिथं उभा ऊस असतो. ना वीज, ना सावली, ना चहा.

७.१०, शिरवळ

घाटाआधीचा चहा. दोन टेबलं सोडून एक कुटुंब गाडीच्या बॅटरीवरून वाद घालतंय. नवरा म्हणतोय पुरेल, बायको म्हणतेय इथंच चार्ज कर, पुढं खंबाटकी आहे. बायकोचं ऐकलं जाणार, हे मी पैजेवर सांगू शकते.

गंमत अशी की गणित नवऱ्याच्या बाजूनं आहे. दीड टनाची गाडी शंभर मीटर उंच चढवायला अर्धा युनिटसुद्धा लागत नाही, आणि उतारावर त्यातलं थोडंफार परत बॅटरीत येतं. बॅटरी खाते ती सपाट रस्त्यावरची ऐंशी-शंभरची चाल. पण लोक घाटाला भितात, चालीला भीत नाहीत. ती भीती खरी-खोटी ठरवणं माझ्या कामाचा भाग नाही. माणूस कुठं थांबतो ते बघणं आहे. त्यामुळे कोल्हापूरकडे जाताना डाव्या हाताला, घाटाच्या अलीकडची जागा सोन्याची. हीच जागा समोरच्या बाजूला फिकी पडते, कारण पुण्याकडे येणारी वाहतूक बोगद्यातून येते. बोगद्याला कोण भितंय?

एकच गाव, एकच महामार्ग, पण दुभाजकामुळे दोन जागा झाल्या. नकाशावर ठिपका मात्र एकच, तोही बरोबर रस्त्याच्या मध्यावर.

८.२०, सुरूर फाट्याच्या पुढे

पहिली जागा पेट्रोलपंपाची. मालक उत्साही, पंप स्वच्छ, हवा भरायच्या मशीनशेजारचा कोपरा रिकामा. वरिष्ठांना ही जागा फार आवडलीय, कारण वाहनांची संख्या भरपूर दिसते. ती संख्या आलीय खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावरून. आता खेड-शिवापूरहून निघालेल्या पुण्याच्या हौशी गाड्यांपैकी किती इथवर पोचतात? वाई-पाचगणी-महाबळेश्वरवाले सगळे सुरूरलाच वळले. ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाडी असण्याची शक्यता जास्त, नेमके तेच फाट्यावर गळाले. मी पाऊण तास उभी राहून मोजलं. हिरव्या नंबरप्लेटा इथं बोटावर मोजण्याइतक्या.

शिवाय पंप म्हणजे पाच मिनिटांचं ठिकाण. पेट्रोल भरा, काच पुसा, चला. आपल्याला लागतात चाळीस मिनिटं. चाळीस युनिटांच्या बॅटरीत दहा टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत जायला अठ्ठावीस युनिट भरावे लागतात आणि साठ किलोवॅटचा चार्जर असला तरी पुष्कळ गाड्या तेवढं घेतच नाहीत. ऐंशीच्या पुढे तर बॅटरी स्वतःच हात आखडता घेते. एवढा वेळ माणसानं टायरांच्या जाहिराती वाचत बसायचं का?

“मॅडम, इथं कॅन्टीन काढू की,” मालक म्हणाले.

“कधी काढणार दादा?”

“तुमचं मशीन आलं की.”

आणि कॅन्टीन आलं की मशीन, असं आमचे साहेब म्हणतील. स्वच्छतागृह बघितलं. आहे, चांगलं आहे, कुलूप आहे. किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर नाश्त्याला साताऱ्यात. त्या रिकाम्या कोपऱ्याची अडचण वेगळीच: पेट्रोलचा टँकर रिकामा करायची जागा तिथून फार लांब नाही. ज्वलनशील वाफेच्या टापूपासून वीज-उपकरणं राखून ठेवायला लागतात. तो टापू आखला की कोपऱ्यात चार्जर बसेल, गाडी बसणार नाही.

१०.४०, कराड, महावितरणचं उपविभागीय कार्यालय

लोक मला विचारतात, चांगली जागा कशी ओळखता? मी विचारते, डीपी कुठंय? गावाकडं ट्रान्सफॉर्मरला डीपीच म्हणतात आणि ती कुणाच्या बांधावर आहे, किती जणांचे पंप तिच्यावर आहेत, गेल्या उन्हाळ्यात किती वेळा जळाली, हे गावातल्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त आमच्या नकाशाला ठाऊक नसतं.

महावितरणच्या साहेबांपुढे दुसऱ्या जागेचा कागद ठेवला: कराडच्या पुढचा एक ढाबा, पुण्याकडे येणाऱ्या बाजूला. साठ किलोवॅटचे दोन चार्जर, म्हणजे एकशेवीस. वर दिवे, पंखे. गावातली १०० केव्हीएची डीपी आधीच आवळलेली असते, तिच्यावर हा भार टाकणं म्हणजे गावाशी वैर. स्वतंत्र २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागणार आणि त्यासाठी ११ केव्हीची वाहिनी जवळ हवी. वाहिनी ढाब्याच्या मागूनच जाते, मी स्वतः खांब बघितलेत.

साहेबांनी चष्मा वर केला. “ती शेतीची आहे.”

म्हणजे निम्मी आशा गेली. शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज दिवसातून ठरावीक तासच, कधी दिवसा, कधी रात्री. उरलेल्या वेळात चार्जरचा पडदा काळा आणि गिऱ्हाईक आमच्या नावानं पोस्ट लिहिणार. चोवीस तासांचा गावठाण फीडर हवा, नाहीतर औद्योगिक. तो कुठून जातो? साहेबांनी वायरमनला हाक मारली. तो आला, नकाशाकडे न बघता म्हणाला, “ओढ्याच्या अलीकडनं गेलाय. पाचएक खांब टाकाय लागतील.”

“रस्त्याच्या ह्याच अंगाला?”

“ह्याच अंगाला.”

हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारते. वाहिनी महामार्गाच्या पलीकडे असेल तर शंभर मीटरवर असली तरी ती नसल्यासारखीच. रस्ता ओलांडायला महामार्ग प्राधिकरणाची परवानगी, तिचे नकाशे, तिचे महिने. ह्याच अंगाला असेल तर खर्च आपण करायचा, काम डीडीएफमध्ये, म्हणजे समर्पित सुविधा म्हणून घ्यायचं आणि अंदाजपत्रकाची वाट बघायची. पाच खांब परवडतात, पंधरा परवडत नाहीत. याहून सखोल अर्थशास्त्र माझ्याकडे नाही. नाही म्हणायला एक हिशेब असतो: दिवसाला आठ गाड्या, प्रत्येकी २५ युनिट, म्हणजे २०० युनिट. साठ किलोवॅटचा एक चार्जर दिवसभर अखंड चालला तर १४४० युनिट देईल. तेव्हा आठ गाड्या म्हणजे चौदा टक्केसुद्धा नाही. बाकी वेळ मशीन उभं, पण स्थिर आकार चालूच.

१२.४५, ढाबा

अक्खा मसूर, भाकरी, कांदा. मी जेवते आणि फोनवर वेळ लावते. माझा नाही, शेजारच्या टेबलाचा. गाडीतून उतरणं, हात धुणं, ऑर्डर, पोरांचं पापड-पापड, बिल, बडीशेप. एक्केचाळीस मिनिटं. पुढच्या टेबलाला अडतीस. अशी जागा मिळाली की मला फार बरं वाटतं, कारण इथं चार्जिंगसाठी कुणाला थांबावं लागणार नाही. जेवण्यापुरतं थांबलं की पुरे. गोव्याहून सकाळी निघालेल्या गाड्या दुपारी एक ते तीनमध्ये इथं पोचतात, भुकेल्या आणि बॅटरी उतरलेल्या. ढाबा समोरच्या बाजूला असता तर पुण्याहून निघालेले इथं साडेनऊला पोचले असते, पोहे खाऊन वीस मिनिटांत निघून गेले असते.

ढाब्याचे मालक सत्तरीचे. त्यांनी सातबारा आणून ठेवला, घडी उलगडताना कागद फाटेल अशी भीती वाटावी इतका जुना.

“काका, डिजिटल सहीचा नवा काढावा लागेल.”

“काढू की. पर नावं तीच हायेत.”

नावं म्हणजे काका, त्यांचा धाकटा भाऊ, वारलेल्या थोरल्या भावाची बायको, तिची दोन मुलं आणि विट्याला दिलेली बहीण. आमचा भाडेकरार दहा वर्षांचा. सगळ्यांच्या सह्या लागणार. ढाब्यापुरती जमीन बिगरशेती झालीय, पण गाड्या उभ्या राहतात तो तुकडा अजून शेतीच. तेही करून घ्यावं लागेल.

“बहिणीचं काय म्हणणं आहे?”

“तिचं म्हननं म्या कधी इचारलंच न्हाई.”

मोकळेपणानं बोलले, ते आवडलं. विचारा म्हटलं. वीज मिळते, पैसे मिळतात. जागा अडते ती सातबाऱ्यावर.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. शेंद्रे ते कागल सहापदरीकरण चालू आहे. आज ढाब्यातून गाडी सरळ महामार्गावर चढते. उद्या इथं सेवारस्ता होईल, पुढे पूल उठेल आणि पुलावरून जाणाऱ्याला ढाब्याचं छप्परही दिसणार नाही. सेवारस्त्यावर उतरायची वाट ढाब्याच्या आधी आहे की नंतर, यावर सगळं अवलंबून. आधी असेल तर ठीक. नंतर असेल तर ज्याला आपली पाटी दिसेल, त्याला आत शिरता येणार नाही. प्राधिकरणाचा आखणी-नकाशा मागवलाय. तो येईपर्यंत काकांना होकार देणार नाही.

२.३०

टेप काढला. हा माझ्या कामाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आणि माझा सर्वांत आवडता. नेक्सॉनला प्लग लावायची जागा मागे, डाव्या अंगाला. झेडएस आणि पंचची तोंडावर. आयोनिकची मागे, उजवीकडे. चार्जरच्या केबलला लांबी ठरलेली, ती जाड आणि जड. सगळ्यांना पुरेल अशा बेतानं दोन गाड्यांच्या मध्ये खांब बसवावा लागतो. कडेला बसवला की निम्म्या गाड्या उलट्या लावाव्या लागतात आणि मग शेजारच्याशी भांडण. मागे दगडी अडसर हवा, नाहीतर घाईतला माणूस चार्जरलाच टेकतो.

जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चौथरा मुरमापर्यंत खाली न्यावा लागेल. अर्थिंगला मात्र ही माती गुणाची, कातळावर जो त्रास होतो तो इथं नाही. गळीत हंगाम चालू असल्यानं ढाब्यापुढच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या. कारखाना सुरू असेपर्यंत त्या येत राहणार, तेव्हा आत येण्याची वाट आणि ट्रॉल्यांची रांग वेगळी काढायला हवी. ट्रॅक्टरवाल्यांना हटवता येत नाही. हटवूही नये, काकांचं निम्मं गिऱ्हाईक तेच आहे.

तीन कंपन्यांची सिमं घालून रेंज बघितली. चार्जर सुरू होतो ॲपवरून, पैसे जातात फोनवरून. रेंज नसेल तर वीज असूनही उपयोग नाही. दोन कंपन्या धड, तिसरी फक्त डीपीकडच्या बांधावर.

तिसरी जागा शिरोलीजवळची होती. तिकडे गेलेच नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरानं तिथं महामार्गच बंद पडला होता. चौथरा उंच करता येईल. रस्ता उंच करणं आमच्या हातात नाही.

६.१५, साताऱ्याच्या अलीकडे

परतीच्या वाटेवर दुसऱ्या एका कंपनीच्या स्टेशनवर गाडी लावली. दोन गन, एक बंद. चालू असलेल्या जागेवर डिझेलची गाडी, चालक वडापाव खायला गेलेला. माझ्यामागे अजून एक गाडी आली, एकटी बाई, मागे झोपलेलं मूल. तिनं आधी काय बघितलं? चार्जर नाही. दिवा बघितला, मग स्वच्छतागृहाची पाटी, मग आजूबाजूला कोण बसलंय ते. मग इंजिन, म्हणजे मोटर बंद केली.

दिवसा केलेली पाहणी अर्धवट असते, हे आमच्या तक्त्यात मी घालून घेतलंय: प्रत्येक जागा अंधार पडल्यावर एकदा, शक्यतो बाईनं. स्टेशन ढाब्याच्या मागच्या अंगणात असेल तर वाहनांची संख्या कितीही असो, ती निम्मी धरायची. ढाब्यावर मी काकांना मुद्दाम विचारलं होतं, मशीन पुढच्या बाजूला, गल्ल्यावरून दिसेल असं चालेल का. त्यांना तिथं पानाची टपरी हवी होती. टपरी सरकवायला तयार झाले.

मॅनेजर येऊन डिझेलवाल्याला हुडकून घेऊन आला. मी बाईंना आधी लावा म्हटलं. मला पुण्यापर्यंत पुरण्याइतकी बॅटरी होती. शिवाय तिथं बसून अजून थोडं बघायचं होतं.

९.००, घर

वरिष्ठांचा फोन. पंपाचं काय?

“नको.”

“वाहनं बघितलीस का तिथली?”

“सुरूरच्या आधीची आहेत ती. पुढची मोजून पाठवते.”

“टोलनाक्याजवळ घेऊ या का मग? सगळे थांबतात तिथं.”

सगळे थांबतात खरे, पण सुटण्यासाठी. फास्टॅगचा आवाज झाला की पाय ॲक्सिलरेटरवर. तेही नको म्हटलं. शिरवळला घाटाअलीकडे डाव्या हाताला कुणाची जागा मिळते का बघू, आणि कराडच्या ढाब्याला दोन अटींवर हो: आखणी-नकाशा आणि सह्या. अंदाजपत्रकाचा अर्ज मात्र सोमवारीच टाकू, कारण तिथली रांग मोठी आहे. अर्जाचा खर्च बुडाला तर? बुडू दे, पाच खांबांपेक्षा स्वस्त आहे.

तक्ता भरत असताना काकांच्या मुलाचा मेसेज आला. नवा सातबारा काढलाय, फोटो जोडलाय. आत्याला फोन केला होता. ती म्हणते सही करीन, पण करार मराठीत लिहा आणि भाड्यातला माझा वाटा माझ्या खात्यावर टाका. मी आमच्या वकिलांना दोन्ही गोष्टी कळवल्या.