हाराखालचा कोट काळाच राहिला!

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आमच्या घरी आजोबांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलेला. इंकजेटवर काढलेली मोठी प्रत. पितृपंधरवड्यात पुसायला म्हणून चंदनाचा हार उतरवला आणि सगळे बघतच राहिले. हाराखाली कोट काळाभोर, शेजारी तोच कोट शेवाळी!

कारण त्या फोटोत काळा फारसा नव्हताच. साधा प्रिंटर निळा, किरमिजी आणि पिवळा मिसळून करडी छटा जुळवतो. उन्हात तिघे एका वेगाने उडत नाहीत. किरमिजी आधी गेला की हिरवट झाक, निळा गेला की तांबूस. रंगीत फोटोत हे खपून जातं, करड्यात लगेच डोळ्यांत भरतं.

शाई दोन जातींची. डाय म्हणजे विरघळलेला रंग. तो उन्हात लवकर विटतो. पिगमेंट म्हणजे रंगाचे बारीक कण. ते बरेच टिकतात. त्यातही कार्बनचा काळा सर्वांत चिवट. हा कार्बन म्हणजे आपली काजळीच की! काजळीच्या शाईने लिहिलेले मोडी कागद शेकडो वर्षांनीही वाचता येतात, ते उगाच नाही.

भर दुपारचं थेट ऊन साधारण १ लाख लक्स (उजेड मोजायचं एकक). संग्रहालयात नाजूक चित्रांवर ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात. म्हणजे तासभराच्या उन्हात तिथल्या २,००० तासांचा उजेड! शिवाय झीज साठत जाते. फोटो रात्री अंधारात राहिला म्हणून भरून येत नाही.

काच लावली की झालं? नाही. साधी काच अतिनील किरणांचा बराच भाग आत सोडते, आणि नुसत्या उजेडानेही रंग विटतो. काचेचा खरा उपयोग दुसराच: हवेतला ओझोन डायला अंधारातही फिका करतो, त्याला ती अडवते.

मृत व्यक्तींचे फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लावायची रीत अनेक घरांत आहे. फोटोच्या दृष्टीनेही ती उत्तम जागा. कोल्हापुरात वर्षातला बराच काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला. हिवाळ्यात त्या बाजूच्या खिडकीतून ऊन आत शिरतं ते समोरच्या, उत्तरेच्या भिंतीपर्यंत. दक्षिणेच्या भिंतीवरचा फोटो उन्हाकडे पाठ करून असतो.

 जुन्या काळी फोटो चांदीच्या क्षारांतून उमटायचे. आज जुन्या तसबिरींच्या प्रती शाईतून निघतात. म्हणून प्रत काढायला जाल तेव्हा स्टुडिओत एवढंच विचारा, ‘शाई डाय की पिगमेंट?’ मूळ फोटो कपाटात, कोरड्या जागी जपून ठेवा. आणि आज घरातल्या फोटोचा हार एकदा काढून बघाच.