टॉवेलावरील यंत्राचें भरतकाम

गेल्या वर्षीं आमच्या शिवणवर्गांतील एका मुलीनें थोरल्या बहिणीच्या लग्नाकरितां सोलापुरी टर्किश टॉवेल आणला आणि भरतकामाच्या यंत्रावर त्याच्या एका टोंकास ‘आनंद’ हा शब्द भरला. यंत्रावरून काढला तेव्हां काम सुरेख दिसत होतें. पण एकदां धुतांच सुताचे वेढे टांक्यांतून वर आले, अक्षरांच्या कडा पुसट झाल्या आणि अनुस्वार तर पार बुडाला. ‘आनंद’चा ‘आनद’ झाला! मुलीच्या डोळ्यांत पाणी आलें. दोष तिच्या हातांचा नव्हता. टॉवेल म्हणजे साधें कापड नव्हे, ही गोष्ट आम्हींच तिला नीट समजावून दिली नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठीं हा लेख आहे.

टर्किश टॉवेल विणतांना मागावर उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक ताणलेला असतो. त्यानें कापडाचा पाया होतो. दुसरा सैल सोडलेला असतो. सामान्यतः तीन आडवे धागे पडले म्हणजे फणी ते एकदम पुढें ठोकते, आणि सैल धागे वर उचलले जाऊन त्यांचे वेढे बनतात. हेच वेढे पाणी शोषतात व त्यांतच टॉवेलाचें मोल आहे. परंतु भरतकाम करणारास तेच नडतात. गवतावर रांगोळी घालावी, तसे बारीक टांके त्यांच्यांत नाहींसे होतात. म्हणून सर्व युक्तीचें सार एवढेंच कीं, अक्षराखालचे वेढे कायमचे दाबून ठेवावयाचे आणि इतरत्र ते मोकळे राहूं द्यावयाचे.

प्रथम टॉवेल धुवून वाळवावा. सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें, पॉलिएस्टरचा धागा मात्र आटत नाहीं. न धुतां भरल्यास पुढें अक्षरांभोंवतीं सुरकुत्या पडतात. जाड टॉवेल रिंगेंत दाबून बसविला तर वेढे चिरडून वळ उठतो. त्याऐवजीं रिंगेंत चिकट आधारकागद एकटाच ताणून बसवावा, टॉवेल त्यावर अलगद चिकटवावा आणि कडेनें धांवदोरा घालावा. टॉवेलाचें ओझें रिंगेवरून लोंबूं देऊं नये. तें ओढलें गेलें म्हणजे नक्षी सरकते.

नंतर वरच्या बाजूस पाण्यांत विरघळणारी पातळ, पारदर्शक फिल्म पसरावी. तिच्यामुळें भरतांना वेढे दबून राहतात. त्या मुलीनें ती पसरली होतीच. पण फिल्म धुण्यांत विरघळून जाते. मग वेढ्यांस दाबून ठेवणारें कोण? यासाठीं अक्षरें भरण्यापूर्वीं, टॉवेलाच्याच रंगाच्या धाग्यानें, विरळ जाळीसारखे पायाचे टांके घालावे. हीच पायरी राहिली होती.

अक्षर ठळक निवडावें. बारीक रेघ बुडते. उलट साटिन टांका फारच रुंद झाला तर तो सैल राहून बांगडींत अडकतो. आपल्या देवनागरींत शिरोरेघ, मात्रा आणि अनुस्वार यांकडे विशेष लक्ष द्यावें, आणि अनुस्वाराचें टिंब कागदावर शोभेल त्याहून मोठें घ्यावें. मध्यम टॉवेलास ७५/११ व जाड टॉवेलास ९०/१४ क्रमांकाची सुई चालते. यंत्राचा वेग कमी ठेवावा. रेयॉनपेक्षां पॉलिएस्टरचा धागा बरा, कारण तो वारंवार धुण्यास व रंग उडविणाऱ्या औषधास अधिक टिकतो. टॉवेलाची मागील बाजूही दिसते. म्हणून बॉबिनचा धागा शोभेल अशा रंगाचा असावा.

काम झाल्यावर फिल्म हलकेच फाडून काढावी. उरलेली पाण्यानें जाईल. मागील कागद टांक्यांस धक्का न लावतां काढावा. एखादा वेढा वर आलाच तर तो ओढूं नये, कात्रीनें बेतानें कापावा. ओढल्यास शेजारचे वेढेही निघतात.

त्या मुलीनें पुढें एका जुन्या, फाटक्या टॉवेलावर आधीं नमुना भरून पाहिला, तो तीन वेळां धुतला, आणि मगच नव्या टॉवेलास हात लावला. विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या मातांनीं हाच क्रम ठेवावा. भेटीचा टॉवेल पेटींत जपून ठेवण्याकरितां नसतो. आज तो टॉवेल तिच्या बहिणीच्या घरीं रोज वापरला जातो, वारंवार धुतला जातो, आणि ‘आनंद’वरील अनुस्वार जागच्या जागीं आहे.