जुनी मोटार आणि नवा गिअरबॉक्स

जुन्या घराण्यांत वडिलोपार्जित वस्तूंचा तोटा नसतो. परंतु त्यांत जुन्या मोटारीइतकी अडचणीची वस्तू दुसरी नाही. पैठणी पेटीत राहते, तंबोरा खुंटीला राहतो, दागिने तिजोरीत राहतात. मोटारीला मात्र पडवी लागते, आणि पडवीत नुसती उभी ठेवली तर ती गंजते. चालवावी तर झिजते. म्हणून तिच्या मालकाला दर पाचदहा वर्षांनी एक प्रश्न सोडवावा लागतो: मूळचे जपावयाचे की चालते ठेवावयाचे?

आम्हां इंदूरकरांना मोटारींचा शौक सांगावयास नको. यशवंतराव होळकर महाराजांनी १९३५ च्या सुमारास अमेरिकेची ड्यूसेनबर्ग घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंग ह्या कारखान्याकडून तिच्यावर नारिंगी-काळ्या रंगाची बॉडी चढविली. ती गाडी इंदूरला राहिली नाही, परदेशी गेली. उलट कोल्हापूरला छत्रपतींची भगव्या रंगाची मेबॅक अद्यापि दसऱ्याच्या सोहळ्यात निघते आणि हजारो लोक तिला पाहतात. दोन्ही गाड्या राजाच्याच. पण एक आपल्यासाठी छायाचित्रापुरती उरली, दुसरी वर्षातून एक दिवस का होईना, स्वतःच्या चाकांवर लोकांत येते. मोटार जिवंत आहे असे आपण म्हणतो ते ह्या दुसऱ्या अर्थाने.

हा सारा विचार मनात येण्यास कारण सावरगावची एक गाडी झाली. इंदूरहून बैतूलमार्गे नागपूरला निघाले की तापीचे उगमस्थान मुलताई मागे पडते, रस्ता उतरू लागतो आणि संत्र्यांच्या बागा दिसू लागतात. मग जाम नदी येते. तिच्या एका काठी पांढुर्णा, दुसऱ्या काठी सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ह्या दोन काठांमध्ये होणारी गोटमार पुष्कळांनी ऐकलेली असेल. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घराघरांतली बोली मात्र मराठीच आहे.

तेथे आमच्या मामांच्या वाड्यात १९६५ सालची शेव्हरोले इंपाला आहे. त्या काळी परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. आमच्या आजोबांनी एका चांगल्या हंगामाच्या संत्र्यांच्या पैशांत ही तशीच घेतली. आठ सिलिंडरांचे इंजिन अजून ठणठणीत आहे. बिघडला तो तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मुलताईकडचा चढ आला की इंजिन ओरडावयाचे आणि गाडी जागच्या जागी. गिअरबॉक्सचे तेल काढून पाहिले तर लाल असावयाचे ते काळे झालेले, आणि त्याला जळका वास. पांढुर्ण्याचा मिस्त्री बोट बुडवून म्हणाला, "मालक, इंजिन बिमार नाही जी. ताकद पैदा होते, पण चाकापर्यंत पोचत नाही."

ह्या वाक्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे सगळे शास्त्र आले. साध्या गाडीत इंजिन आणि गिअर ह्यांना जोडणारा क्लच आपल्या पायाखाली असतो. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी तेलाने भरलेला एक पोकळ गोळा असतो, टॉर्क कन्व्हर्टर. इंजिनाला जोडलेले पाते तेल घुसळते, आणि ते फिरते तेल समोरच्या पात्याला फिरविते. एक पंखा चालू केला असता त्याच्या वाऱ्याने समोरचा पंखा फिरावा, तसा हा प्रकार आहे. पुढे तेलाच्याच दाबाने आतले पट्टे आणि चकत्या आवळल्या जाऊन गिअर बदलतात. तेल जळले म्हणजे चकत्या घसरतात, आणि घसरल्या म्हणजे तेल आणखी जळते.

ही युक्ती मोठ्या प्रमाणावर प्रथम विकली ती जनरल मोटर्सने. अर्ल थॉम्पसन ह्या अभियंत्याच्या हाताखाली तयार झालेला हायड्रामॅटिक १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये आला. पुढे महायुद्धात तो अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसला, आणि १९५० नंतर रोल्स-रॉइसनेही तो घेतला. सामान्य गिऱ्हाइकासाठी शेव्हरोलेने १९५० साली पॉवरग्लाइड काढला. तोच मामांच्या गाडीत होता. त्याला पुढे जावयाचे गिअर दोनच, एक चढासाठी, दुसरा बाकी सर्वांसाठी.

वाड्यात ह्यावरून दोन तट पडले. मामा ऐंशीच्या पुढे गेलेले. त्यांचे म्हणणे, "बाबांनी आणली तशी ती राहील. दुरुस्त करा, बदलू नका." मामेभावाचे म्हणणे, सातपुड्याच्या चढांना दोन गिअर अपुरे, आयता मोका आला आहे, तर चार गिअरांचा नवा घालावा आणि नागपूरला आरामात जावे. तिसरा सल्ला शेजाऱ्यांचा, की इंजिनासकट सगळे काढून डिझेल बसवावे. आपल्याकडे शेकडो अमेरिकन गाड्यांचे असे झाले आहे. पेट्रोल महागले तसे त्यांच्या पोटात पर्किन्सची डिझेल इंजिने आली, मजल्याला भोक पाडून गिअरचा दांडा वर आला, आणि गाडीत मूळचे उरले ते केवळ पत्रे. दोनतीन दिवस जेवणाच्या पंगतीत अशी गोटमार चालली होती की नदीवर जावयाची गरज नव्हती.

मूळ ते मूळ, हा मामांचा मुद्दा भावनेचा वाटेल. पण तो मुद्दा कारखान्यांनाही कधी पाळता आलेला नाही. १२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगनमधील लिव्होनिया येथे हायड्रामॅटिकचा कारखाना आगीत भस्मसात झाला. गाड्या तयार होत्या, गिअरबॉक्स नव्हते. तेव्हा जनरल मोटर्सने स्वतःच हजारो कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल गाड्यांत ब्यूकचा डायनाफ्लो घातला, आणि पाँटियाकमध्ये शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड. त्या गाड्यांना आज कोणी बाटलेल्या म्हणत नाही. म्हणजे बदल हे पाप नव्हे. तो कोणत्या रीतीने केला, हे पाहावयाचे.

नागपूरहून एक वयस्क कारागीर आले. अमेरिकन गाड्यांवर त्यांची हयात गेलेली. त्यांनी प्रथम मोजपट्टी मागितली, आणि तिघांचाही वाद मोजपट्टीने मिटविला. शेव्हरोलेचा चार गिअरांचा सेव्हन-हंड्रेड-आर-फोर हा १९८२ चा गिअरबॉक्स. त्याचा चौथा गिअर ०.७० चा, म्हणून हमरस्त्यावर इंजिन संथ चालते आणि पेट्रोलही वाचते. पण तो पॉवरग्लाइडपेक्षा तीन इंचांहून अधिक लांब. त्याला टेकू देणारा आडवा पोलादी दांडा मागे सरकवावा लागतो, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड करावा लागतो. उलट १९६९ चा टर्बो-हायड्रामॅटिक थ्री-फिफ्टी, सहा इंची शेपटीचा घेतला तर, लांबीने पॉवरग्लाइडएवढाच, सुमारे साडेसत्तावीस इंच. टेकूची जागा तीच. शाफ्टच्या तोंडाचे सत्तावीस दातेही तेच. गिअर मात्र तीन: पहिला २.५२, दुसरा १.५२, तिसरा सरळ एकास एक. पॉवरग्लाइडचा खालचा गिअर जेमतेम १.७६. म्हणजे चढाला जोर मिळतो, आणि गाडीच्या अंगाला करवत लागत नाही.

तोटाही त्यांनी लपविला नाही. "वरचा गिअर जुन्याइतकाच आहे. ऐंशीच्या वेगाला इंजिन आज जितकं घुमतं तितकंच घुमेल. शांतता पाहिजे असेल तर कापाकापी आली." मामेभाऊ जरा खट्टू झाला. मामांनी एकच विचारले, "जुना परत बसेल?" कारागीर म्हणाले, "चार बोल्ट तेच, चार भोकं तीच. मन येईल तेव्हा बसवा." मामांनी मान हलविली.

कायद्याचाही कल योगायोगाने असाच आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, नोंदणी दहा वर्षांची असते, आणि रोजच्या वापरासाठी ती काढता येत नाही. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा. त्या यादीत गिअरबॉक्सचे नाव नाही. चासीचे आहे. टेकूचा दांडा सरकविण्यासाठी चासीला नवी भोके पाडणारा मनुष्य तीन इंचांच्या सोयीपायी किती गमावू शकतो, हे ह्यावरून दिसेल.

मग काम सुरू झाले. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्या उपयोगी पडतील अशा चार गोष्टी येथे नोंदवितो. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण बसल्याखेरीज बोल्ट आवळू नयेत. बरोबर बसला असेल तर तो आणि इंजिनामागची चकती ह्यांत सुमारे एक अष्टमांश इंच फट राहते. फट नसताना जोर लावला तर पंप फुटतो आणि नवा गिअरबॉक्स पहिल्याच दिवशी भंगारात जातो. तेल थंड करणाऱ्या नळ्या रेडिएटरला जातात. जुन्या चकत्यांचा चुरा त्यांत अडकलेला असतो, त्या धुतल्याशिवाय जोडू नयेत. पॅडल पूर्ण दाबले असता गिअर खाली उतरावा म्हणून थ्री-फिफ्टीला कार्ब्युरेटरपासून एक केबल लागते, ती निराळी घ्यावी. आणि तेलाची पातळी गाडी गरम, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, अशा स्थितीत पाहावी. बंद इंजिनावर पाहिलेली पातळी फसवी असते.

एक अडचण उरली. चाकामागच्या दर्शक पट्टीवर जुन्या गिअरबॉक्सची पाचच अक्षरे. नव्याला सहा स्थाने. नवी पट्टी मिळत होती. मामांनी ती नाकारली. त्यामुळे आता खालच्या गिअरांना काटा आणि अक्षर ह्यांचा मेळ नाही, चालविणाऱ्याने स्थान हाताला ओळखावयाचे. घरातल्या सुनेने ते दोन दिवसांत आत्मसात केले. चढावर दुसरा गिअर ती न पाहता टाकते.

जुना पॉवरग्लाइड फेकला नाही. तो धुऊन, तेल चोपडून, गोणपाटात गुंडाळून संत्र्यांच्या पेट्यांशेजारी ठेवला आहे. त्यावर गाडीचा क्रमांक आणि काढल्याची तारीख लिहिली आहे. अमेरिकेत शर्यतीच्या गाड्यांवाले पॉवरग्लाइड अजून पसंत करतात, म्हणून त्याच्या चकत्या आणि सीले आजही मिळतात. उद्या नातवाला वाटले तर तो दुरुस्त करून परत बसवील. न वाटले तर निदान त्याला कळेल की येथे पूर्वी काय होते.

जुन्या वाड्यात आपण विजेची तार घेतली, नळ घेतला, पण तुळई कापली नाही. ज्यांनी कापली त्यांचे वाडे पुढे बसले. मोटारीचे निराळे नाही. बदल अवश्य करावा, आजची चढण आजच्या गिअरने चढावी. मात्र आपल्यामागून येणाऱ्याला आपले काम उलगडता आले पाहिजे, इतकी जागा त्यात ठेवावी. कारागिराला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. काढलेले परत बसेल काय, हा विचारावा.