टाकीतली खाण

भंडारा रोड हे रेल्वे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीत आहे. त्याच वरठीत सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. १९८९ साली तो सुरू झाला तेव्हा तिथं दगडी कोळशावर स्पंज आयर्न बनू लागलं. जुन्या मोटारीच्या पेट्रोल टाकीत गंज का चढतो आणि तो काढायचा कसा, हे समजून घ्यायला स्पंज आयर्नइतकी चांगली सुरुवात नाही.

लोहखनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचा दगड. शुद्ध हेमॅटाइट शंभर किलो घेतलं तर त्यात सत्तर किलो लोखंड आणि तीस किलो ऑक्सिजन असतो. लांबलचक फिरत्या भट्टीत हे खनिज कोळशासोबत हजार अंशांच्या आसपास तापवतात. लोखंड वितळतं १५३८ अंशांना, म्हणजे इथं काहीही वितळत नाही. कोळशापासून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड वायू दगडाच्या आत शिरतो, एकेक ऑक्सिजन उचलतो आणि बाहेर पडतो. दगडाचा आकार साधारण तसाच राहतो आणि ऑक्सिजनच्या जागी असंख्य छिद्रं उरतात. लाल दगड आधी काळा होतो, कारण हेमॅटाइटचं मॅग्नेटाइट होतं, आणि शेवटी करड्या रंगाचं सच्छिद्र लोखंड, म्हणजेच स्पंज आयर्न, हाती येतं.

हे लोखंड पावसात भिजू द्यायचं नसतं. ओलं झालं की ते हवेतला ऑक्सिजन इतक्या अधाशीपणे परत घेतं की ढीग आपोआप तापतो, कधी पेटतोही. भट्टीत एवढा कोळसा जाळून जे वेगळं केलं, ते दोघं संधी मिळताच पुन्हा एकत्र येतात. त्या एकत्र येण्यालाच आपण गंज म्हणतो. गंजाच्या तांबूस भुकटीत बहुतांशी ऑक्सिजन आणि पाणी धरून बसलेलं लोखंडच असतं. तिच्यातलं गोथाइट हे खनिज तर खाणीतही सापडतं. बंद पडलेल्या गाडीच्या टाकीत, म्हणजे, एक छोटीशी खाण तयार होत असते.

गाडी कुठली? आपल्याकडे बहुतेक वेळा ती प्रीमियर पद्मिनी असते. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवली. १९७४ साली तिचं नाव पद्मिनी झालं, आणि मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. पण कित्येक घरांनी आपली पद्मिनी विकलेली नाही. ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असते, दोन-तीन पावसाळे तशीच जातात, आणि मग एक दिवस सुरू करायला जावं तर दोन आचके देऊन बंद पडते. ‘टाकीतून कचरा येतोय,’ मिस्त्री सांगतो. कार्बोरेटरमधल्या पितळी जेटचं छिद्र मिलिमीटरभराच्या आसपासचं. गंजाचा एक कण तिथं अडकला की इंजिन उपाशी. शिवाय गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, त्यामुळे अगदी थोडा पत्रा गेला तरी कचरा भरपूर निघतो.

पेट्रोलनं भरलेल्या टाकीत पाणी येतं कुठून? टाकी श्वास घेते. दिवसा शेडचा पत्रा तापतो, टाकीतली हवा फुगून झाकणाच्या वाटेनं बाहेर जाते. रात्री गारवा पडला की बाहेरची हवा आत येते. श्रावणात ती हवा दमट असते आणि थंड पत्र्यावर तिचे थेंब धरतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून थेंब ओघळून तळाला बसतात आणि तिथून हलत नाहीत. टाकी जितकी रिकामी, तितकी आत हवा जास्त.

आता सगळ्यात नवलाची गोष्ट. एक थेंब पत्र्यावर बसला तर गंजून खड्डा कुठं पडेल? हवा जिथं भरपूर मिळते तिथं, म्हणजे थेंबाच्या कडेला, असं कुणालाही वाटेल. १९२०च्या दशकात केंब्रिजमध्ये यूलिक इव्हान्स यांनी मिठाच्या पाण्याचा थेंब पोलादावर ठेवून दाखवलं की घडतं बरोबर उलट. कडेला ऑक्सिजन मुबलक, मध्यभागी कमी. या फरकामुळे एका थेंबात अख्खी विजेची बॅटरी तयार होते. मध्यभागचं लोखंड विरघळतं, त्यातले इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे धावतात आणि तिथल्या ऑक्सिजनला मिळतात. दोन्हीकडून निघालेले कण मधल्या वाटेत भेटतात आणि तिथं गंजाचं कडं उमटतं. म्हणजे गंज दिसतो एकीकडे आणि पत्रा झिजतो दुसरीकडे! टाकीच्या तळाला सुईच्या टोकाएवढी भोकं का पडतात याचं उत्तर त्या थेंबात आहे. आणि वरचं पेट्रोल या पाण्याचं रक्षण करत नाही. हवेतला ऑक्सिजन पेट्रोलमध्ये पाण्याच्या अनेक पट विरघळतो, आणि तो खाली उतरत राहतो.

त्या काळच्या अनेक गाड्यांच्या टाक्यांना आतून शिसं आणि कथील यांच्या मिश्रधातूचा मुलामा असे. तो अखंड असेतो उत्तम. पण ओरखडा पडला तर तो लोखंडासाठी जस्तासारखा स्वतः झिजत नाही. उलट उघड्या पडलेल्या लोखंडालाच आधी झिजावं लागतं.

साफसफाईचं पहिलं काम टाकी उतरवून रिकामी करणं, आणि इथं मी कळकळीनं सांगते: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. हवेत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असली की ठिणगीला तेवढं पुरतं. साबणाच्या पाण्यानं वारंवार धुऊन वास पूर्ण जाईपर्यंत वेल्डिंगची गोष्टही काढू नये. मग नटबोल्ट किंवा साखळीचे तुकडे आत टाकून टाकी हलवत राहायची. त्यानं सुटे पापुद्रे निघतात.

घट्ट बसलेल्या गंजासाठी आम्ल लागतं, आणि भंडाऱ्याला ते शिकवायला नको. पितळी भांड्यांच्या या गावात चिंचेनं भांडं घासून लखलखीत करणं पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. चिंचेतलं आम्ल पितळेवरचा ऑक्साइड विरघळवतं. लिंबूसत्वाचं कोमट पाणी टाकीतल्या गंजाशी तेच करतं: लोखंडाच्या कणांना चहूबाजूंनी पकडून पाण्यात उतरवतं. मात्र जास्त वेळ ठेवलं तर ते चांगला पत्राही खाऊ लागतं, म्हणून अधूनमधून बघत राहावं लागतं.

दुसरा मार्ग विजेचा, आणि मला तो विलक्षण सुंदर वाटतो. टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा भरायचा. तोंडातून साध्या लोखंडाची सळई टाकीला न टेकेल अशी आत सोडायची. बारा व्होल्टच्या चार्जरचं ऋण टोक टाकीला, धन टोक सळईला. इलेक्ट्रॉन आता टाकीच्या पत्र्याकडे येतात, गंजातल्या लोखंडाला मिळतात, आणि लाल गंजाचा काही भाग काळा पडतो. तो काळा पदार्थ मॅग्नेटाइट! वरठीच्या भट्टीतला प्रवास हजार अंशांना ज्या वळणावरून जातो, तेच वळण इथं बादलीभर पाण्यात, हाताला सोसवेल अशा तापमानाला येतं. त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, म्हणून हे काम उघड्यावरच करायचं. सळई स्टेनलेस स्टीलची मुळीच नको, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

दगडातून लोखंड सोडवण्याचं हे काम आपल्या भागात फार जुनं आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला, १९७८ ते १९८० दरम्यान शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टी सापडली. तिचं वय अडीच हजार वर्षांहून जास्त आहे.

पुन्हा आपल्या टाकीकडे येऊ. धुतलेली टाकी आतून करडी, स्वच्छ दिसते आणि काही मिनिटांत पुन्हा तांबूस होऊ लागते. ताजं उघडं लोखंड स्पंज आयर्नच्याच अधाशीपणानं वागतं. इथं फॉस्फोरिक आम्ल उपयोगी पडतं. ते गंज विरघळवता विरघळवता पत्र्यावर लोहफॉस्फेटचा पातळ थर बसवतं. दिल्लीतल्या लोहस्तंभाचंही असंच आहे. सोळाशे वर्षं तो उघड्यावर उभा आहे, आणि आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं की त्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्यानं पृष्ठभागावर फॉस्फेटचा संरक्षक थर तयार झाला. पद्मिनीच्या टाकीत आपण तोच थर तासाभरात मागून घेतो. नंतर गरम हवेनं खडखडीत वाळवायचं आणि लगेच पेट्रोल भरायचं. आत इपॉक्सीचा लेप द्यायची पद्धत आहे. पत्रा जाड आणि शाबूत असेल तर मी तो देणार नाही, कारण नीट न चिकटलेला लेप पुढं पापुद्र्यांनी सुटतो आणि जेटपर्यंत पोचतो.

आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, थोडंफार आपल्यात मिसळून ठेवतं, आणि मर्यादा ओलांडली की पाण्यासकट वेगळं होऊन तळाला बसतं. म्हणून जुन्या गाडीत पेट्रोल सहा-सहा महिने पडून राहू देऊ नये. पावसाळ्याआधी ताज्या पेट्रोलनं टाकी गळ्यापर्यंत भरावी, आठवड्यातून एकदा गाडी चालवावी, आणि टाकी साफ केल्यावर सुरुवातीला पारदर्शक फिल्टर लावून तो वरचेवर बघावा. त्यात तांबूस कण दिसले तर टाकी पुन्हा उतरवावी लागेल. काळे दिसले तर तो सुटून आलेला मॅग्नेटाइट असू शकतो. फिल्टरजवळ चुंबक धरला की तो त्याच्याकडे सरकतो.