घरातील बिनतारी इंटरनेट : दोष कोठे आहे?

जबलपूरचे नाव काढले की भेडाघाटचे संगमरवरी कडे डोळ्यांपुढे उभे राहतात. दूरसंचाराच्या क्षेत्रातील मंडळींना मात्र हे शहर निराळ्या कारणाने परिचित आहे. १९४२ पासून या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना येथे प्रशिक्षण मिळत आले असून, रिज रोडवरील त्या संस्थेला आज डॉ. भीमराव आंबेडकरांचे नाव आहे. अशा या शहरातही मुलीला ऑनलाइन वर्गासाठी पुस्तके घेऊन ओसरीत बसावे लागते आणि परगावच्या नातवाचा चेहरा आजीला पडद्यावर थिजलेला दिसतो. मग 'वेग वाढवून घ्या' असे घरात ठरते. दरमहाचा खर्च वाढतो, आणि मागची खोली मात्र होती तशीच राहते.

असे का होते? वास्तविक घरात येणाऱ्या इंटरनेटचे दोन टप्पे असतात. कंपनीच्या काचतंतूतून ते राउटरपर्यंत येते, आणि तेथून पुढे रेडिओलहरींवर स्वार होऊन आपल्या हातातील यंत्रापर्यंत पोहोचते. अधिक पैसे दिल्याने पहिला टप्पा सुधारतो. दुसऱ्याशी कंपनीच्या दराचा काही संबंध नाही. म्हणून खर्चाचा निर्णय घेण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. संगणक तारेने राउटरला जोडून वेग मोजावा, मग बिनतारी पद्धतीने त्याच खोलीत व शेवटी मागच्या खोलीत मोजावा. तारेवरच वेग कमी भरला, तर कंपनीकडे तक्रार करणे रास्त होय. तारेवर पूर्ण आणि मागे दहावा हिस्सा मिळत असेल, तर दोष घरातच आहे. (येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. तेव्हा शंभर मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरणार. त्यात फसवणूक नाही.)

रेडिओलहरी भिंतींच्या पलीकडे जातात, हे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात दाखवून दिले होते. पण प्रत्येक भिंत आपला कर घेतेच. आपले राउटर सामान्यतः दोन प्रकारच्या लहरी वापरतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. ती दूरवर जाते, पण वेगाने बेताची. ५ गिगाहर्ट्झची लहर त्याच्या निम्म्याहूनही आखूड. ती वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार खाणारी. जुन्या घरांच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती उन्हाळ्यात मोठा आधार देतात. या आखूड लहरींना मात्र त्या भारी पडतात.

भिंतींहूनही अडथळा करतात ते धातू आणि पाणी. धातू लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेते. लोखंडी कपाट व मोठा आरसा हे याच वर्गातले. जबलपूरच्या उन्हाळ्यात घरोघरी खिडकीत बसणारा पत्र्याचा कूलर तर दोन्ही दोष एकत्र घेऊन येतो : बाहेर पत्रा, आत पाणी. वैशाखात 'इंटरनेट मंदावले' अशी तक्रार ऐकू आली, तर राउटर आणि खोली यांच्या मध्ये कूलर आला आहे काय, हे प्रथम पाहावे.

आता राउटरच्या जागेविषयी. जोडणी करणारा कारागीर सोयीची खिडकी पाहून तार आत घेतो आणि डबा बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात बसवतो. घरची मंडळी तो दिसू नये म्हणून टीव्हीमागे किंवा कपाटात सारतात. दिवाणखान्याची शोभा राखली जाते आणि अर्ध्या लहरी रस्त्याला दान होतात. डबा घराच्या मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर, उघड्या फळीवर असावा. त्याच्या दांड्या उभ्या ठेवाव्यात, कारण लहरी दांडीच्या आडव्या दिशेने पसरतात. वरच्या मजल्यासाठी एखादी दांडी आडवी करून पाहावी.

गोलबाजारसारख्या दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या राउटरांचीही गर्दी होते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून परवान्याविना खुला आहे. साहजिकच तेथे सर्वांचा कोलाहल. १, ६ आणि ११ हे मार्ग एकमेकांवर चढत नाहीत. त्यांपैकी जो कमी गजबजलेला असेल, तो राउटरच्या मांडणीत निवडावा.

एवढ्यानेही न भागल्यास लोक लहरी पुढे ढकलणारा रिपीटर आणतात आणि जेथे काहीच पोहोचत नाही, नेमका तेथे लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? तो वाटेत मध्यावर लावावा. तरीही साध्या रिपीटरला एकाच पट्ट्यावर ऐकावे आणि बोलावे लागत असल्याने वेग जवळजवळ निम्मा होतो. त्यापेक्षा पहिल्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत लॅनची तार ओढून तेथे दुसरा राउटर बसवणे अधिक खात्रीचे. खर्च एकदाच होतो, दरमहा नव्हे. काचतंतू मात्र स्वतः ओढू वा मुडपू नये. ते काम जाणकारावर सोपवावे. लॅनच्या तारेसाठी जाड भिंत फोडण्याची गरजही सहसा पडत नाही. जुन्या घरांत दारांवर झरोके असतात; तार तेथून सुखाने पलीकडे जाते.