धाराशिव–मुंबई हवाई अंतर

धाराशिव व मुंबई येथील विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ३५० किलोमीटर आहे. ते दोन स्थळांना जोडणाऱ्या बृहद्‌वृत्ताच्या लघुतम कंसावर मोजतात. रस्त्याने हेच अंतर वळणांमुळे ४०० किलोमीटरच्या आसपास भरते. ताशी ५०० किलोमीटर वेगाने हे अंतर ४२ मिनिटांत कापता येईल. मात्र धावपट्टीकडे जाणे, आरोहण व अवरोहण यांमुळे प्रत्यक्षात सुमारे तासाभराचा अवधी धरावा लागतो.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने धाराशिव विमानतळ २००९ साली खाजगी कंपनीस भाडेपट्ट्याने दिला होता. तेथून नियमित प्रवासी सेवा नसल्याने प्रवाशांना प्रथम रस्त्याने अथवा रेल्वेने सोलापूर, पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागते. त्यामुळे जिल्ह्यातील प्रवाशाचा एकूण प्रवासकाळ केवळ हवाई अंतरावरून ठरत नाही.