सुवाह्य जीवरक्षक उपकरणे (शस्त्रक्रियोत्तर परिचर्या)

सुवाह्य जीवरक्षक उपकरणे म्हणजे शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला शस्त्रक्रियागृहातून अतिदक्षता विभागात किंवा तेथून तपासणीसाठी अन्यत्र नेताना त्याचे श्वसन व रक्ताभिसरण सांभाळणारी साधने होत. लहान व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप, प्राणवायूचा सिलिंडर आणि हाताने दाबायची अंबू बॅग यांचा त्यांत समावेश होतो. हा प्रवास बहुधा काही मिनिटांचाच असतो. परंतु भिंतीतून मिळणारा प्राणवायू आणि वीज या दोन्ही आधारांपासून रुग्ण तेवढ्या वेळापुरता तुटलेला असतो.

पार्श्वभूमी

१९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. भूलतज्ज्ञ बियर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशव्या दाबून रुग्णांचे श्वसन चालू ठेवले. पुढे हेनिंग रुबेन आणि होल्गर हेसे यांनी सोडताच आपोआप फुगणारी पिशवी तयार केली. ती १९५६ पासून वापरात आली. हीच अंबू बॅग.

परिचारिकांचा दृष्टिकोन

यंत्राची माहितीपत्रके त्याच्या सोयींविषयी सांगतात. परिचारिकेचा पहिला प्रश्न मात्र ते किती वेळ चालेल हा असतो. भारतात सामान्यतः वापरला जाणारा बी-प्रकारचा सिलिंडर पूर्ण भरलेला असता सुमारे १,५०० लिटर प्राणवायू देतो. दाबमापकाचा काटा निम्म्यावर असेल तर ७५० लिटर उरतात. मिनिटाला १० लिटर या प्रवाहाने ते ७५ मिनिटे, तर १५ लिटरने ५० मिनिटेच पुरतात. वायूच्या दाबावर चालणारा व्हेंटिलेटर स्वतःसाठीही काही वायू खर्च करतो. उद्वाहन अडकले तर काय, याचा विचार करून अनुभवी परिचारिका अपेक्षित वेळेच्या निदान दुप्पट साठा बरोबर घेते. बॅटरीचेही तसेच. जुनी बॅटरी पूर्ण भार दाखवते आणि अर्ध्या वाटेत मान टाकते.

म्हणून व्हेंटिलेटर कितीही नवा असला तरी अंबू बॅग खाटेवर हाताशी ठेवतात. तिला बॅटरी लागत नाही, आणि प्राणवायू संपला तरी ती साध्या हवेने फुगते. यंत्रावरील अविश्वास म्हणून याकडे पाहणे योग्य होणार नाही. ती परिचर्येतील जुनी शिस्त आहे.

मॉनिटरविषयीही परिचारिका सावध असतात. खाट उंबरठ्यावरून जाताना बोटावरील संवेदक हलतो आणि खोटा इशारा वाजतो. असे इशारे वारंवार ऐकल्याने कान सरावतात, आणि खरा इशारा दुर्लक्षिला जाण्याचा धोका निर्माण होतो. शिवाय श्वासनलिकेतील नळी सुटली तरी रक्तातील प्राणवायूचा आकडा लगेच उतरत नाही. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा आलेख ते आधी दाखवतो. हा आलेख नसेल तेथे परिचारिका छातीची हालचाल आणि ओठांचा रंग पाहत चालते.

काही गोष्टी यंत्रांबाहेरच्या आहेत. छातीतून नळी काढलेली असल्यास पाण्याची बाटली छातीच्या पातळीखालीच राहिली पाहिजे. घाईत ती रुग्णाच्या पायांशी खाटेवर ठेवणे घातक ठरू शकते. एमआरआय कक्षात तर लोखंडी सिलिंडर नेताच येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला जाऊन मरण पावला. अशा कक्षासाठी खास चुंबकसुरक्षित साधने लागतात. ती नसल्यास नेहमीचा सिलिंडर दाराबाहेरच ठेवावा लागतो.